विगमन आणि निगमन (शालेय भूमितीतील)

अनेक उदाहरणे तपासून नियमाचा अंदाज बांधणे म्हणजे विगमन. गृहीतके, व्याख्या आणि आधी सिद्ध झालेली प्रमेये यांच्या आधारे निष्कर्ष काढणे म्हणजे निगमन. कागदी त्रिकोणाचे तिन्ही कोपरे कापून शेजारी-शेजारी लावले की दरवेळी सरळ कोन होतो, म्हणून कोनांची बेरीज 180° असावी असा अंदाज बांधणे, हे विगमन. शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढून व्युत्क्रम कोनांच्या मदतीने तीच 180° बेरीज सिद्ध करणे, हे निगमन. राज्य मंडळाच्या नववीच्या भूमितीत पहिल्याच प्रकरणात पक्ष, साध्य, सिद्धता आणि व्यत्यास येतात. मात्र मोजून पाहण्याआधीच सिद्धता फळ्यावर आली, तर मुले ती पाठ करतात.

पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात मोजणी आणि सिद्धता यांतला फरक दाखवायला उत्तम उदाहरण हाताशी आहे. सेंटरलेस ग्राइंडिंगमधून (केंद्रांत न पकडता दंडगोल घासण्याच्या प्रक्रियेतून) निघालेल्या 20 मिमीच्या पिनला मायक्रोमीटर लावावा. पिन फिरवून दहा ठिकाणी मोजली आणि दरवेळी 20 मिमीच भरली, तर ती गोल आहे असा अंदाज कोणीही करील. तो चुकू शकतो. वर्तुळाचे सर्व व्यास समान असतात हे खरे. पण सर्व बाजूंनी रुंदी समान असेल तर आकृती वर्तुळच असते, हा व्यत्यास खोटा आहे.

20 मिमी बाजूचा समभुज त्रिकोण काढून प्रत्येक शिरोबिंदू केंद्र धरून उरलेल्या दोन शिरोबिंदूंना जोडणारा कंस काढावा. मिळणारी आकृती जर्मन अभियंता फ्रान्झ रूलो (1829–1905) यांच्या नावाने ओळखली जाते. तिला दोन्हीकडून टेकणाऱ्या समांतर रेषांपैकी एक नेहमी शिरोबिंदूतून जाते आणि दुसरी समोरच्या कंसाला स्पर्श करते. म्हणून त्यांतले अंतर त्रिज्येइतके, 20 मिमीच. परिघानेही भेद कळत नाही: 60° चे तीन कंस मिळून 20π मिमी, म्हणजे 20 मिमी व्यासाच्या वर्तुळाइतकाच. दहावीच्या विद्यार्थ्याला हे सहज पडताळता येते.

सेंटरलेस ग्राइंडिंगमध्ये पिनला असे तीन उंचवटे येऊ शकतात. म्हणून पिन व्ही-ब्लॉकवर (V आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यावर) ठेवून, वर डायल गेज लावून फिरवतात. असे तीन उंचवटे असतील तर काटा हलतो. कोणती मोजणी पुरेशी नाही हे निगमन सांगते. समोरची पिन गोल आहे की नाही, हे मात्र मोजूनच ठरवावे लागते.