ट्रफल तेल आणि नाकाचा भरवसा

तेल बिघडलंय का हे ओळखायला आपल्या घरांत पिढ्यानपिढ्या एकच टेस्टिंग टूल चालत आलंय: नाक. खवट वास आला की तेल गेलं, विषय संपला! पण ट्रफल तेलाचा इतिहास वाचत गेलो तसं लक्षात आलं, की इथे हे टूल चक्क गंडतं.

ट्रफल म्हणजे झाडांच्या मुळांशी, जमिनीखाली वाढणारी बुरशी. आपल्या अळंब्यांची लांबची नातेवाईक म्हणा. त्यात इटलीतल्या अल्बा भागातलं पांढरं ट्रफल भलतंच महाग. हंगाम शरद ऋतूपासून थंडीपर्यंतचा, आणि खणून काढल्यावर थोड्याच दिवसांत वास उडायला लागतो. मग तो बाटलीत वर्षभर टिकतो कसा?

उत्तर प्रयोगशाळेत आहे. १९६७ साली पांढऱ्या ट्रफलच्या वासातला एक मुख्य गंधकयुक्त रेणू ओळखला गेला: २,४-डायथायापेंटेन. तो कृत्रिमरीत्याही बनवता येतो. २००७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे शेफ डॅनियल पॅटरसन यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये लिहिलं, की बाजारातलं बहुतेक ट्रफल तेल म्हणजे ऑलिव्ह तेल अधिक असली रसायनं. बऱ्याच खवय्यांचा तेव्हा चांगलाच हिरमोड झाला.

आता नाकाची गोची बघा. हा सुगंध आणि खालचं तेल, दोघांची घड्याळं वेगळी. झाकण उघडं राहिलं की सुगंध उडतो, पण तेल चांगलं असू शकतं. उलट उजेड, उष्णता आणि हवा लागून तेल खवट झालं, तरी उग्र सुगंध ते झाकून टाकतो. म्हणून नुसतं हुंगू नका. थेंबभर जिभेवर ठेवा आणि सुगंध ओसरू द्या. मागे जुन्या शेंगदाण्यांसारखी खवट, कडसर चव उरली तर बाटली टाकून द्या.

पण खरा धोका तिसराच, आणि तो नाकालाही कळत नाही, जिभेलाही नाही. १९८५ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरला एका रेस्टॉरंटमध्ये जेवलेल्या ३६ जणांना बोट्युलिझम झाला. कारण? फ्रिजबाहेर ठेवलेला, तेलातला चिरलेला लसूण. १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्यात पुन्हा तसंच घडलं, आणि मग अमेरिकेत अशा उत्पादनांत आम्ल घालणं सक्तीचं झालं. या जिवाणूचे बीजाणू मातीत असतात आणि वाढायला त्यांना हवा नकोच असते. तेलाखाली हवा नाहीच, म्हणजे आयतीच सोय! आपलं लोणचं तेलात टिकतं ते मीठ आणि आंबटपणामुळे, एकट्या तेलामुळे नव्हे. ट्रफलही मातीतलंच, आणि आंबट मुळीच नाही.

तेव्हा ताज्या ट्रफलचे तुकडे घालून घरी तेल बनवलंत तर ते फ्रिजमध्येच ठेवा आणि चार दिवसांत संपवा. तिथे चव घेऊन तपासायचा प्रयोग नको. विकतची बाटली गडद काचेची घ्या. ती गॅसपासून लांब, अंधाऱ्या कपाटात, झाकण घट्ट लावून ठेवा. लेबलवर फ्रिज लिहिलं असेल तर फ्रिजमध्ये. थंडीने तेल गढूळ झालं तर घाबरू नका, बाहेर काढल्यावर ते निवळतं. उघडल्यावर दोन-तीन महिन्यांत संपवलेलं बरं.

आणि हो, उघडल्याची तारीख बाटलीवर लिहून ठेवा. नाकापेक्षा हा लॉग जास्त भरवशाचा!