धनुष्याचे पुनरागमन

उत्तर अमेरिकेत ऑक्टोबर उजाडला, की मेपल आणि ओक वृक्षांची पाने लाल-पिवळी होऊन गळू लागतात. याच दिवसांत पहाटेच्या अंधारात एखादा शिकारी झाडावर पंधरा-वीस फूट उंचीवर बांधलेल्या मचाणावर जाऊन बसतो. त्याच्या हाती बंदूक नसते, धनुष्य असते. ज्या देशाचा विस्तार बंदुकीच्या बळावर झाला, त्याच देशाने विसाव्या शतकात हे प्राचीन शस्त्र पुन्हा का उचलले, या प्रश्नाचे उत्तर शोधू जाता एका प्राण्याच्या पुनरुज्जीवनाची आणि एका मानवसमूहाच्या संहाराची हकीकत समोर येते.

ज्या हरिणासाठी हा शिकारी जागतो, ते श्वेतपुच्छ हरीण होय. भय वाटताच ते शेपटी उभारते आणि तिची पांढरीशुभ्र आतली बाजू दाखवीत पळत सुटते, म्हणून हे नाव. युरोपीय वसाहतवाले येण्यापूर्वी या हरणांची संख्या कोट्यवधी होती असे मानतात. कातड्यांचा व्यापार, जंगलतोड आणि शहरांच्या बाजारांसाठी चाललेली बेसुमार शिकार यांमुळे १९०० च्या सुमारास ती काही लाखांवर आली. त्याच वर्षी लेसी कायद्याने बेकायदा मारलेल्या वन्य प्राण्यांच्या आंतरराज्य व्यापारावर बंदी घातली. बंदूक एवढी प्रभावी ठरली होती, की शिकारीला शिकारच उरेनाशी झाली होती.

अशा काळात, १९११ च्या ऑगस्टमध्ये, कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल गावाजवळ एक उपाशी, एकाकी पुरुष सापडला. तो याही जमातीचा अखेरचा ज्ञात मनुष्य होता. सोन्याच्या शोधात १८४९ पासून लोटलेल्या गोऱ्यांनी त्याच्या लोकांची कत्तल केली होती, आणि उरलेल्या मूठभरांनी चार दशके डोंगरदऱ्यांत लपून काढली होती. स्वतःचे नाव स्वतः उच्चारणे त्याच्या रीतीत बसत नव्हते. म्हणून मानवशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर यांनी त्याला ‘इशी’ म्हटले. त्याच्या भाषेत या शब्दाचा अर्थ एवढाच, ‘माणूस’.

सॅन फ्रान्सिस्को येथील विद्यापीठाच्या संग्रहालयात इशी राहू लागला. तेथे सॅक्स्टन पोप नावाच्या शल्यवैद्याशी त्याचा स्नेह जुळला. इशी ज्वालामुखीच्या काचेचे बाणाग्र घडवी, जुनिपरच्या लाकडाचे धनुष्य तासी, आणि डॉक्टर शिष्यासारखा पाहत बसे. शिकारीच्या आदल्या दिवशी इशी मासे खात नसे, तंबाखू ओढीत नसे. पहाटे ओढ्यात स्नान करून तो सुगंधी पाल्याने अंग चोळी आणि अन्नाचा कण न घेता निघे. कारण हरणाला मनुष्य डोळ्यांआधी नाकाने कळतो. ही हरणे पश्चिमेकडील, काळ्या शेपटीची होती. परंतु विद्या तीच होती.

१९१६ च्या मार्चमध्ये इशी क्षयाने वारला. क्रोबर यांचा विरोध असतानाही त्याच्या देहाची चिरफाड झाली. मेंदू वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संस्थेकडे गेला आणि २००० साली त्याच्या जमातीच्या आप्तांच्या स्वाधीन झाला. पोप यांनी आपल्या अनुभवांवर १९२३ साली ग्रंथ लिहिला आणि तो वाचून असंख्य अमेरिकन तरुण धनुष्याकडे वळले. ज्यांच्या पूर्वजांनी याहींचा वंश संपविला, त्यांच्या हाती याहींची विद्या अशी आली.

१९३४ साली विस्कॉन्सिन राज्याने धनुर्धारींसाठी हरणांच्या शिकारीचा स्वतंत्र हंगाम जाहीर केला. त्या हंगामात अधिकृत नोंद झाली ती एकाच नराची! तरीही प्रथा रुजली आणि इतर राज्यांत पसरली. तिचे मर्म त्या अपयशातच आहे. बंदूक दूरवरून मारते. धनुर्धाऱ्याला हरीण वीस-तीस पावलांवर येऊ द्यावे लागते. मचाण त्याला हरणाच्या नजरेच्या रेषेवर नेते आणि त्याचा गंध काही अंशी वरचेवर वाहून जाऊ देते. मात्र वारा फिरला, की सारा दिवस वाया जातो. बाण हरणाला धक्क्याने नव्हे, रक्तस्रावाने मारतो. नेम चुकला तर जखमी जनावर तासन्‌तास तडफडते. म्हणून बाण न सोडणे हीच या शिकारीतील पहिली शिस्त होय.

ही शिस्त यंत्रयुगात टिकणे सोपे नव्हते. मिसूरीच्या हॉलिस ॲलन यांना १९६९ साली चाकांच्या धनुष्याचे पेटंट मिळाले. पूर्ण ताणल्यावर त्याचा भार हलका होतो, आणि इशीला आयुष्यभराच्या सरावाने जमले ते नवख्यालाही लवकर साधू लागले. दुसरीकडे हरणांची संख्या कायदे, पुनर्वसन आणि पुन्हा वाढलेली जंगले यांमुळे कोटींच्या घरात गेली. १९३७ च्या कायद्याने बंदुका व काडतुसांवरील कर वन्यजीवांसाठी राखून ठेवला होता. १९७२ साली धनुष्यबाणांनाही तो लागू करण्यात आला.

त्याच १९७२ साली भारताने वन्यजीव संरक्षण कायदा केला. मचाण हे येथील वाघांच्या शिकारीचे जुने साधन. या कायद्याने आणि १९९१ च्या दुरुस्तीने त्यावरून शिकारी उतरला. एका देशाने संयम कायद्याने आणला, दुसऱ्याने तो शिकाऱ्याच्या हातातील शस्त्रावरही सोपविला. त्या दुसऱ्या मार्गावर संयमाचा धडा देणारा मनुष्य मात्र निराळ्याच कारणाने तो शिकला होता. त्याच्यासाठी धनुष्य हा छंद नव्हता. जगण्याचा तोच एक मार्ग होता.