उसातील प्रकाशसंश्लेषण

हरितद्रव्याने शोषलेल्या सूर्यप्रकाशाच्या बळावर पाणी व कार्बन डायऑक्साइड यांपासून शर्करा घडविण्याची, आणि त्यासमयी प्राणवायू मुक्त करण्याची, जी क्रिया हिरव्या वनस्पतींत चालते, ती अहमदनगर (अहिल्यानगर) जिल्ह्यातील प्रवरा नदीच्या पाटपाण्यावर पोसलेल्या बागायती उसात विशेष कार्यक्षम असते. उसाच्या पानात कार्बन प्रथम चार कार्बन-अणूंच्या अम्लात बद्ध होतो व शिरांभोवतीच्या कोशिकांत पुन्हा मुक्त होऊन तेथे शर्करेत परिणत होतो. त्यामुळे प्रखर उन्हातही प्रकाशश्वसनाने होणारा त्याचा अपव्यय बहुतांशी टळतो. हॅच व स्लॅक या शास्त्रज्ञांनी १९६६ साली विशद केलेला हा मार्ग जिरायत ज्वारीतही आढळतो. मात्र यावरून उसास पाणी थोडे पुरते, असा समज करून घेणे सर्वस्वी गैर होय. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५०-५१ च्या हंगामापासून गाळतो तो पानांत घडून कांड्यांत साठलेल्या याच शर्करेचा संचय.