माळवदापासून घरकुलापर्यंत: येडशी आणि धाराशिव जिल्ह्यातील गरिबांची घरे

येडशी हे बालाघाटच्या डोंगररांगेत, रामलिंगच्या जंगलालगत वसलेले गाव. या टापूत काळा दगड आणि पांढरी माती मुबलक, लाकूडही पूर्वी जवळच मिळे. त्यामुळे इथल्या जुन्या घरांची घडण ठरून गेली होती. हात-दीड हात रुंदीच्या, मातीत रचलेल्या दगडी भिंती, आत लाकडी खांब व तुळया, आणि वर पांढऱ्या मातीचे जाड धाबे, म्हणजे माळवद. घर किती मोठे हे खणांवरून, म्हणजे खांबांमधल्या गाळ्यांवरून, सांगत. दर पावसाळ्याआधी धाब्यावर मातीचा नवा थर पडे. असे घर उन्हाळ्यात थंड राही, पण त्यासाठी जागा, लाकूड आणि माणसे लागत. ज्यांच्याकडे यांतले काही नव्हते ते गावाच्या कडेला कुडाच्या छपरात राहत. १९११ मध्ये लातूरपर्यंत गेलेल्या बार्शी लाइट रेल्वेवर येडशी स्थानक झाले, पण निजामी राजवटीत गरिबाला घर देणे हे सरकारचे काम मानले जात नव्हते.

हा भाग १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला. मुंबईत १९४८ पासून गृहनिर्माण मंडळ काम करत होते आणि १९७७ मध्ये अशा मंडळांचे म्हाडा या राज्य गृहनिर्माण प्राधिकरणात रूपांतर झाले. त्याचा भर मात्र शहरांवर राहिला. खेड्यातल्या गरिबाच्या वाट्याला १९८५ मध्ये सुरू झालेली इंदिरा आवास योजना आली. तिची एका खोलीची घरे आजही अनेक गावांत दिसतात.

घर पुरवणाऱ्या यंत्रणेची खरी परीक्षा ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झाली. पहाटे चारच्या सुमारास झालेल्या भूकंपात लातूर जिल्ह्यातील किल्लारी, धाराशिव जिल्ह्यातील सास्तूर आणि आसपासच्या गावांत सुमारे आठ हजार माणसे दगावली. मारले ते मुख्यतः जाड भिंतींनी आणि धाब्यावर वर्षानुवर्षे साचलेल्या मातीने. लाकडी खांबांचा सांगाडा शाबूत राहिला तिथे भिंती पडूनही छप्पर टिकले. कुडाच्या छपरात राहणारे भूमिहीन तुलनेने अधिक वाचले. ‘मातीचे घर वाईट’ असा सरसकट निष्कर्ष तेव्हा निघाला. तो अर्धाच खरा होता, कारण दोष मातीपेक्षा सांधे आणि बांधणीत होता.

जागतिक बँकेच्या साहाय्याने पुढच्या वर्षी पुनर्वसन प्रकल्प सुरू झाला. पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी हलवण्यात आली. घराचा आकार जमीनधारणेवर ठरला: भूमिहीनाला २५० चौरस फूट, मध्यम शेतकऱ्याला ४००, मोठ्या जमीनदाराला ७५०. जुन्या गावातली उतरंड अशी सिमेंटमध्ये पक्की झाली, ही या धोरणावरची सर्वांत रास्त टीका. चौकोनी प्लॉट आणि रुंद रस्ते यांमुळे गावे जुन्यापेक्षा कितीतरी पसरली. गल्ली मोडली, काहींचे शेत लांब गेले, गुरे कुठे बांधावीत हा प्रश्न उरला. देणगीदार संस्थांनी आपापल्या पद्धतीने घरे बांधली. औसा तालुक्यातील गुबाळमध्ये तर घुमटाकार घरे उभी राहिली. धान्याच्या कणग्या आणि कपाटे गोल भिंतीला कुठे लावायची, हे बहुधा कुणी विचारले नसावे. बऱ्याच कुटुंबांनी पुढे अंगणात पत्र्याची शेड टाकून आपल्या सोयीचे घर पुन्हा रचले.

याच प्रकल्पाची दुसरी बाजू कमी गाजली, पण अधिक शिकवणारी ठरली. गाव न हलवता जवळपास दोन लाख घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण मालकांनीच करायचे होते. पैसे हप्त्याने मिळत, अभियंता काम तपासे आणि गावोगावच्या महिला मंडळांतून निवडलेले ‘संवाद सहायक’ लोकांना माहिती देत. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने त्यांना प्रशिक्षण दिले. गवंडी तयार झाले आणि बाया बांधकामाचा हिशेब विचारू लागल्या. दिलेल्या घरापेक्षा बांधून घेतलेले घर लोकांना आपले वाटले.

सहकाराची वाट शेजारच्या सोलापुरात दिसते. कुंभारी येथे कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकर यांच्या नावाने विडी कामगार महिलांची दहा हजारांवर घरे केंद्र, राज्य आणि कामगार अशा तिघांच्या वाट्यातून उभी राहून २००६ मध्ये त्यांच्या ताब्यात आली. त्यानंतर तिथेच उभ्या राहिलेल्या रे नगर या कामगार वसाहतीच्या ३० हजार घरांपैकी पहिली १५ हजार जानेवारी २०२४ मध्ये दिली गेली. संघटित कामगार एकत्र येऊन जागा आणि आपला हिस्सा उभा करू शकतो. येडशीसारख्या गावात विखुरलेल्या शेतमजुराला ते जमत नाही.

२०१६ पासूनची प्रधानमंत्री आवास योजना मालकाने घर बांधण्याच्याच तत्त्वावर चालते. सपाट भागात १ लाख २० हजार रुपये, रोजगार हमीतून मजुरी, शौचालयाचे वेगळे अनुदान आणि किमान २५ चौरस मीटरचे घर. वाळू, सिमेंट आणि गवंड्याची मजुरी या रकमेच्या पुढे धावतात आणि कुटुंब उसनवारी करून स्लॅब टाकते. त्याहून मोठी अडचण जागेची. मंजुरी असली तरी नावावर गुंठाभर जमीन नसेल तर हप्ता सुटत नाही. गायरानावर वसलेल्यांची कोंडी सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालानंतर वाढली, कारण सार्वजनिक चराऊ जमिनीवरची अतिक्रमणे हटवा असा त्याचा रोख होता. राज्याने मात्र २०११ पूर्वीची काही निवासी अतिक्रमणे नियमित करण्याचे धोरण स्वीकारले. भूमिहीनांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून ५०० चौरस फुटांपर्यंत जागा घेण्यास आधी ५० हजार, पुढे १ लाख रुपयांपर्यंत साहाय्य ठरले. महामार्गालगतच्या गावांत जमिनीचे दर चढले की ही रक्कमही अपुरी पडते, आणि ग्रामपंचायतीला मूळ गावठाणापासून दूरचा तुकडा शोधावा लागतो. रस्ता, पाणी आणि वीज तिथवर नेण्याचा खर्च घरकुलाच्या अनुदानात धरलेला नसतो.