तळटीप : उणे आलेला प्रवाह

* मजकुरात एका फांदीतला प्रवाह उणे १ अँपिअर आला आहे. तो छपाईचा दोष नाही.

मंडल असे आहे : डाव्या फांदीत १२ व्होल्टची बॅटरी आणि २ ओहमचा रोध, उजव्या फांदीत ५ व्होल्टची बॅटरी आणि १ ओहमचा रोध, मधल्या फांदीत नुसता ३ ओहमचा रोध. दोन्ही बॅटऱ्यांची धन टोके वर. डावा प्रवाह क, उजवा ख, दोन्ही वरच्या सांध्याकडे जाणारे मानले, तर मधून क + ख उतरतो. सांध्यात जेवढे येते तेवढेच बाहेर पडते, हा किरचॉफचा पहिला नियम. बंद वळशातल्या विभवांतरांची बेरीज शून्य, हा दुसरा. त्यावरून दोन समीकरणे मिळतात : ५क + ३ख = १२ आणि ३क + ४ख = ५. सोडवल्यावर क = ३, ख = –१.

उणे चिन्हाचा अर्थ एवढाच, की मानलेली दिशा उलटी होती. थोरली बॅटरी धाकटीत प्रवाह ढकलते आहे. धाकटी पुन्हा भरता येणारी असेल, तर ती चार्ज होते. दिशा आधीच बरोबर ओळखण्यासाठी विद्यार्थी उगाच डोके शिणवतात.

गुस्टाव किरचॉफने हे नियम १८४५मध्ये मांडले, तेव्हा तो क्योनिग्जबर्गला फ्रान्त्स नॉयमान यांच्याकडे शिकत होता. वय जेमतेम एकवीस! स्वतंत्र वळसे किती घ्यायचे, हेही त्याने १८४७मध्ये सांगितले : फांद्या वजा सांधे अधिक एक. इथे ३ – २ + १, म्हणजे दोन. तिसऱ्या, बाहेरच्या वळशाचे समीकरण या दोहोंतूनच निघते.