माळावरचा तरवड आणि आपली नोंदवही

शिरूर कासारहून आम्ही बोलतोय.

मागच्या बैठकीत बचतीचे पैसे मोजून झाले, हप्ते लिहून झाले आणि वही मिटता मिटता विषय निघाला गायरानातल्या तरवडाचा. जेसीबी लावून माळ साफ करायचा, अशी गावात बोलणी चाललीत. आमच्यातलीच एक म्हणाली, "काढू द्या की. त्याला शेळीसुद्धा तोंड लावत नाही." तेव्हा सत्तरी ओलांडलेली एक आजी म्हणाली, "शेळी तोंड लावत नाही म्हणून तर तो राहिलाय. बाकीचं सगळं गेलं." त्या दिवशी बैठक दोन तास लांबली. त्यात निघालेल्या गोष्टी आणि नंतर आम्ही वाचून, विचारून मिळवलेल्या गोष्टी आज सांगतो.

तरवड आपण सगळ्यांनी पाहिलाय. मुरमाड माळावर, बांधावर, सडकेच्या कडेला कमरेएवढं झुडूप, पिवळीधमक फुलं, चपट्या शेंगा. काडीनं दात घासायचे, मुरगळल्यावर पाला गरम करून बांधायचा, चुलीला जळण न्यायचं. एवढंच आपल्याला ठाऊक. पण या झुडपाच्या सालीवर एके काळी सगळी शेती चालायची, असं सांगितलं तर पटणार नाही.

आठवा, इंजिनं येण्याआधी विहिरीचं पाणी काढायला मोट होती. मोट कातड्याची. नाडा, वहाणा, पाण्याची पखाल हेही कातड्याचंच. आणि कच्चं कातडं आठ दिवसांत सडतं. ते टिकाऊ करायला तुरट साल लागते, ती आपल्या भागात तरवडाची आणि बाभळीची. ढोर समाजातली माणसं हे काम करायची. आधी चुन्याच्या पाण्यात कातडं भिजवून केस काढायचे. मग त्याची पिशवी शिवायची, तिच्यात कुटलेली साल आणि पाणी भरायचं आणि ती टांगून ठेवायची. साल आतून मुरत जायची. काम दिवसांचं नाही, आठवड्यांचं. साल कुटण्या-वाहण्यात घरच्या बायकाही असायच्या. ज्यांच्या हातच्या मोटेचं पाणी सगळं गाव प्यायचं, त्यांना गावानं मात्र वेशीबाहेर ठेवलं. तरवडाचा इतिहास सांगताना हे वगळता येणार नाही.

आपल्या बीड शहराचं नाव जुन्या गॅझेटियरमध्ये कशासाठी आलंय माहीत आहे? छागलीसाठी. छागल म्हणजे प्रवासात पाणी न्यायची कातडी पिशवी. बीडची छागल तेव्हा नावाजलेली होती. दक्षिणेत मद्रासकडे तर तरवडाच्या सालीवर कातडी कमवायचा मोठा धंदा उभा राहिला. पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या फौजेच्या बुटांना जे हिंदुस्थानी कातडं गेलं, त्यात हे कातडंही होतं. पुढे आफ्रिकेतून दुसऱ्या झाडाची साल येऊ लागली, कारखान्यांत क्रोमची रसायनं आली, इकडे विहिरींवर इंजिनं बसली. मोट गेली आणि सालीला कुणी विचारेना. तरवडाचं नुसतं काटूक झालं, ते असं.

आता एक गंमत. आपला बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. 17 सप्टेंबर 1948 ला ते संस्थान भारतात आलं आणि 1956 साली मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला. त्याच संस्थानातला तेलुगू भाग म्हणजे आजचं तेलंगण. 2014 मध्ये तेलंगण वेगळं राज्य झालं आणि त्यांनी राज्याचं फूल निवडलं तंगेडू. तंगेडू म्हणजे आपला तरवड! तिथल्या बायका भाद्रपद अमावस्येपासून नऊ दिवस बतुकम्माचा सण करतात. ताटात फुलांचे थर गोपुरासारखे रचतात, भोवती फेर धरून गाणी म्हणतात, आपल्या भोंडल्यासारखंच. त्या थरांत मानाची फुलं दोन, तंगेडू आणि गुनुगू. हा गुनुगू म्हणजे आपला कुर्डू. एकाच संस्थानातल्या बायका, तीच दोन झुडपं. तिकडे ती देवीच्या जागी बसतात, इकडे जेसीबीची वाट बघतात.

कुर्डूवरून आठवलं. कोवळा कुर्डू आपण भाजी करून खातो. तसाच तरोटा, तांदुळजा, पाथरी, घोळ, कुंजीर. तरोटा तर तरवडाचाच भाऊबंद, पण तरवडाचा पाला कुणी खात नाही आणि तरोट्याची कोवळी पानं मात्र 1972 च्या दुष्काळात कित्येक घरांनी खाल्ली. आमच्या गटातल्या म्हाताऱ्या सांगतात, दिवसभर खडी फोडायची, कामावर सुकडी मिळायची, घरी लाल मिलोची भाकरी. ती घशाखाली उतरेना. चार थेंब पाऊस झाला की बांधावर तरोटा उगवायचा, तो उकडून, पिळून, मीठ-मिरची लावून भाकरीबरोबर खायचा. चिंचेचा कोवळा पालाही सोडला नाही. त्यांना हे कुणी शिकवलं? त्यांच्या आज्यांनी. आणि त्यांना त्याआधीच्या दुष्काळांनी.

1876 ते 1878 चा दुष्काळ दख्खनभर पडला होता. मुंबई इलाख्यात लोकांनी त्या वेळी कोणकोणती रानातली पानं, मुळं, बिया खाल्ल्या, याची नोंद डॉ. लिस्बोआ या गोव्याच्या डॉक्टरांनी केली. ती 1886 मध्ये मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या वनस्पतींवरच्या खंडात छापली गेली. त्यांच्या पत्नीसुद्धा वनस्पतींच्या जाणकार होत्या. आपल्याकडच्या एका सुगंधी गवताला शास्त्रीय नाव त्यांनी दिलं आणि ते आजही त्यांच्या नावानं नोंदलेलं आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी एक बाई गवताचा अभ्यास करून लिहीत होती, हे ऐकून आमच्या बैठकीत सगळ्याच चकित झाल्या. पण एक लक्षात घ्या. आपल्या शेजारचा पाथर्डी भाग इंग्रजांच्या इलाख्यात होता, शिरूर निजामाकडे. हद्दीच्या पलीकडच्या बाईनं काय खाल्लं ते त्या यादीच्या कक्षेत आलं, अलीकडच्या बाईचं आलं नाही. भाजी मात्र दोघींची तीच.

लिहिलेलं असणं किती कामाला येतं, ते हळदीच्या भांडणात कळलं. 1995 मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यापीठाला जखमेवर हळद लावण्याचं पेटंट मिळालं. आपल्या सरकारी संशोधन परिषदेनं, डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या पुढाकारानं, ते लढवलं आणि 1997 मध्ये ते रद्द झालं. घरोघरी बोटाला हळद लावतात, हे जगाला ठाऊक होतं. तरी निकाल लागला तो जुन्या लिहिलेल्या, छापलेल्या पुराव्यांवर.

म्हणून तर 2002 च्या जैवविविधता कायद्यात गावोगावी लोकांची नोंदवही ठेवायची तरतूद झाली. 2004 च्या नियमांनी गावच्या समितीत किमान एक तृतीयांश बायका ठेवायला सांगितलं. जवळच्या एका गावातली अशी वही आम्ही पाहिली. तिच्यात आमसुलाचं झाड लिहिलंय! या माळावर आमसूल? कुठली तरी कोकणातली वही उतरून काढली असणार. तरवड मात्र तिच्यात नाही. समितीतल्या बायकांना विचारलं, तर आपण समितीत आहोत हेच त्यांना माहीत नव्हतं.

आणखी एक सांगायलाच हवं, आणि ते आमच्याच चुकीचं आहे. तरवडाची वाळलेली फुलं उकळून साखरेच्या आजारावर पितात. आमच्या गटातल्या एका ताईंनी तो काढा सुरू केला आणि आमच्याच बोलण्यावर विसंबून गोळ्या बंद केल्या. दोन महिन्यांत साखर चढली, पायाची जखम चिघळली. बोट थोडक्यात वाचलं. तेव्हापासून आम्ही ठरवलंय, वहीत उपयोग लिहायचा तर तो कुणी, कशासाठी, किती केला आणि गुण आला की नाही, हे सगळं लिहायचं. अपाय झाला तर तोही. आणि डॉक्टरांची गोळी त्यांना विचारल्याशिवाय सोडायची नाही. साप चावला तर पाला शोधत बसायचं नाही, सरळ दवाखाना.

आता आमची अडचण वेगळीच आहे. रानभाज्या उगवतात पावसाळ्यात, तेव्हा बाया गावात असतात. साल, डिंक, मुळ्या काढायच्या हिवाळ्यात-उन्हाळ्यात, तेव्हा निम्म्या जणी उसाच्या फडात. त्यामुळे पोरींना भाज्या ओळखता येतात, साल ओळखता येत नाही. टोळ्या निघायच्या आत पाच म्हाताऱ्या आणि पाच पोरी मिळून रोज एक बांध फिरायचा, असं ठरलंय. शंभर पानी वही घेतली आहे, पैसे गटाच्या खात्यातून. पहिल्या पानावर तरवड लिहून झालाय, पानाला त्याची वाळलेली डहाळी चिकटवून. गायरानाचा विषय ग्रामसभेत येईल तेव्हा ती वही घेऊन आम्ही सगळ्या जणी जाणार आहोत. तोवर ज्या आजीनं बैठकीत तोंड उघडलं होतं, तिनं दुसऱ्या पानासाठी कुंजीर आणून ठेवलाय.