पान मोठं करायचं, की वही घरात ठेवायची?

परवा पारावर एका पोरानं विचारलं, "दादा, बिटकॉइन एवढं भारी, मग गर्दी झाली की पैसे पोचायला तास तास का लागतात?" बिटकॉइनवाल्यांचं सगळ्यात मोठं भांडण याच प्रश्नावरून झालं. (पैसे गुंतवा असं मी म्हणत नाहीये, आधीच सांगतो.)

बिटकॉइन म्हणजे एक उघडी खतावणी. साधारण दर १० मिनिटांनी तिला नवं पान जोडलं जातं, त्याला म्हणतात ब्लॉक. २०१० मध्ये सातोशी नाकामोतोनं या पानाला १ मेगाबाइटची मर्यादा घातली. तेव्हा पानं रिकामीच जायची. पुढं माणसं वाढली, रांग लागली.

२०१५ मध्ये गॅविन अँड्रेसन आणि माइक हर्न म्हणाले, थेट ८ मेगाबाइट करा. ऐकायला सरळ आहे. कारखान्यावर उसाच्या गाड्या खोळंबल्या, वाढवा गाळप क्षमता! पण आपला ऊसवाला आणखी एक विचारतो: काटा कोण तपासणार? बिटकॉइनमध्ये काटा कुणीही तपासू शकतो, अख्खी वही स्वतःच्या कॉम्प्युटरवर ठेवून. पान आठपट झालं की साध्या माणसाला ती वही झेपणार नाही. मग तपासणी उरते मोठ्या कंपन्यांकडं.

समोरचेही खोटं बोलत नव्हते. डिसेंबर २०१७ मध्ये एका व्यवहाराची सरासरी फी ५० डॉलरच्या वर गेली. वही तपासता येते, पण तिच्यात नोंद करणं परवडत नाही, मग गरिबाला काय उपयोग?

१ ऑगस्ट २०१७ ला मोठ्या पानवाल्यांनी वेगळी चूल मांडली, बिटकॉइन कॅश, ८ मेगाबाइटची. २४ ऑगस्टला मूळ बिटकॉइनवर सेगविट लागू झालं: सह्यांचा भाग हलका मोजायचा, म्हणजे एका पानात जास्त नोंदी बसतात. न्यूयॉर्कमध्ये ५० हून जास्त कंपन्यांनी मे महिन्यात पान दुप्पट करायचं ठरवलं होतं. सगळ्यांची संमती मिळेना, म्हणून नोव्हेंबरात तेही गुंडाळलं.

फी महाग पडली तरी मला छोट्या पानवाल्यांचंच पटतं. आपण नगरकर आहोत. १९१० सालच्या नगर अर्बन बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेनं ४ ऑक्टोबर २०२३ ला रद्द केला. ठेवीदाराच्या हातात पासबुक असतं, बँकेची वही नसते.

बिटकॉइन कॅशनं २०१८ मध्ये मर्यादा ३२ मेगाबाइटवर नेली. त्यांची पानं बहुतेक वेळा रिकामीच जातात.